अफवेचा प्रवास आणि गावाची जबाबदारी

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे इस्लामपूर. २०२५ साली या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. या लेखात ज्या काळातील घटनांचा उल्लेख आहे, त्या काळचे नाव म्हणून इस्लामपूर हेच नाव वापरले आहे. ऊस, सहकार आणि शिक्षण यांमुळे पुढे आलेल्या या परिसरात नवे तंत्र लवकर रुजते. शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहकार्याने हाती घेण्यात आला होता. ग्रामीण भागात माहितीचे जाळे उभे करण्याच्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. त्या वेळी एका गावास एक संगणक मिळणे हीही मोठी गोष्ट होती. आज घरोघरी भ्रमणध्वनी आहे. भावकीचा, शाळेचा, दूध संस्थेचा, ग्रामपंचायतीचा असा प्रत्येकाचा स्वतंत्र व्हॉट्सॲप गट आहे.

माहिती घरापर्यंत पोहोचावी, ही विकासाची एक मूलभूत गरज होय. ती बव्हंशी भागली आहे. तथापि माहितीच्या वाटेनेच खोटी वार्ता, फसवणुकीचा निरोप आणि नको असलेली जाहिरातही घरात येते. या तिन्ही प्रकारांचे स्वरूप, त्यांपासून होणारी हानी आणि गावपातळीवर करावयाची उपाययोजना यांचा विचार प्रत्येक शिक्षकाने, अधिकाऱ्याने व पंचायत सदस्याने करणे अगत्याचे झाले आहे.

पोस्टकार्डापासून ई-मेलपर्यंत

निरोपांची साखळी ही काही संगणकाने आणलेली नवी गोष्ट नव्हे. देवदेवतांच्या नावाने येणारी पोस्टकार्डे मागील पिढीच्या चांगली स्मरणात आहेत. अशा पत्राच्या ठरावीक संख्येने नकला करून त्या इतरांना पाठविल्यास धनलाभ होईल आणि पत्र फाडल्यास अनिष्ट घडेल, एवढाच त्यांतील मजकूर असे. मोह आणि भय या दोन चाकांवर ते पत्र गावोगाव फिरे. मात्र प्रत्येक नकलेसाठी कार्ड विकत घ्यावे लागे आणि हाताने लिहावे लागे. त्यामुळे साखळीची गती आपोआप मर्यादित राही.

दूरध्वनीने ही मर्यादा ओलांडली. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते, ही वार्ता पहाटे दिल्लीत उठली आणि काही तासांतच देशभर, किंबहुना परदेशांतील भारतीय वस्त्यांपर्यंत पोहोचली. द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध मूर्तीकडे ओढले जाते व तिच्या अंगावरून पातळ थराने ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दुधाचा प्रयोग करून त्याच सुमारास दाखवून दिले. परंतु खुलासा पोहोचेपर्यंत वार्तेने आपला प्रवास पुरा केला होता.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. ई-मेलच्या जगात खोट्या निरोपांची परंपरा तत्पूर्वीच सुरू झाली होती. डिसेंबर १९९४ मध्ये ‘गुड टाइम्स’ या नावाचा एक इशारा जगभर फिरला. या शीर्षकाचे पत्र उघडताच संगणकातील सर्व माहिती नष्ट होईल, सबब आपल्या सर्व परिचितांना सावध करावे, असे त्यात म्हटले होते. असा कोणताही विषाणू अस्तित्वात नव्हता. लोकांना सावध करण्याच्या सद्हेतूने सज्जनांनीच तो इशारा पसरविला. हा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. खोटी वार्ता पसरविणाऱ्यांत दुष्ट हेतूची माणसे थोडी असतात. काळजीपोटी ती पुढे पाठविणारी माणसेच फार असतात.

नको असलेल्या टपालाचे अर्थकारण

न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांना पाठविलेल्या मजकुरास ‘स्पॅम’ असे म्हणतात. हा शब्द मुळात डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव होय. १९७० सालच्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी प्रहसनात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात तेच मांस येत राहते, त्यावरून हा शब्द रूढ झाला. अशा टपालाचा पहिला ज्ञात नमुना ३ मे १९७८ चा आहे. अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात त्या काळच्या संगणकजाळ्यातील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी धाडली. त्याबद्दल त्याला कडक समज मिळाली.

अशा टपालाचे पीक एवढे का यावे, याचे कारण त्याच्या खर्चात आहे. पोस्टकार्डाचा खर्च पाठविणाऱ्यास सोसावा लागे. ई-मेलचा किंवा संदेशाचा खर्च पाठविणाऱ्यास जवळजवळ शून्य असतो आणि तो निवडण्याचा, वाचण्याचा व फसल्यास भरपाईचा भार घेणाऱ्यावर पडतो. लाखांतून एखादा जरी जाळ्यात सापडला, तरी पाठविणाऱ्याचा व्यवहार नफ्यात जातो. तुरुंगातील धनिकाच्या सुटकेसाठी पैसे मागणारी पत्रे युरोपात एकोणिसाव्या शतकात फिरत असत. पुढे ई-मेलमधून परदेशी वारसाहक्काच्या रकमेत वाटा देऊ करणारी पत्रे येऊ लागली. आमिषाचे रूप बदलले. आधी थोडे पैसे भरा म्हणजे पुढे पुष्कळ मिळतील, हे सूत्र मात्र तेच राहिले.

आता ग्रामीण भागात हेच आमिष शासकीय योजनांच्या नावाने येते. विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप मिळणार असल्याचे खोटे संदेश केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाला वेळोवेळी नाकारावे लागले आहेत. शेतकरी सन्मान निधी, वाहनाचा दंड किंवा लग्नपत्रिका या नावांनी ‘एपीके’ ही अक्षरे शेवटी असलेली फाईल गटांत येते. ही पत्रिका नसून भ्रमणध्वनीत बसविण्याचा कार्यक्रम असतो. तो बसविला की भ्रमणध्वनीवर येणारे संदेश आणि त्यांतील बँकेचे गुप्त क्रमांक भलत्याच्या हाती जाऊ शकतात. फसलेल्या माणसाच्याच क्रमांकावरून ती फाईल त्याच्या गटांत पुढे जाते. त्यामुळे ती ओळखीच्या माणसानेच पाठविली आहे, असे इतरांना वाटते.

ओळखीच्या माणसावरचा विश्वास

खोट्या संदेशाचे बळ नेमके येथेच आहे. गावात माणूस वार्तेची परीक्षा सहसा सांगणाऱ्यावरून करतो. मामांनी सांगितले, गुरुजींनी पाठविले, म्हणजे ते खरेच असणार, ही वृत्ती चुकीची म्हणता येणार नाही. त्या विश्वासावरच गावाचा व्यवहार चालतो. परंतु पूर्वी मामा स्वतः पाहिलेले सांगत. आता ते दुसऱ्याने पाठविलेले पुढे ढकलतात. निरोपावर नाव मामांचे असते, साक्ष मात्र कोणाचीच नसते.

करोनाच्या साथीत या वृत्तीची कसोटी लागली. २३ मार्च २०२० रोजी इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या एकाच कुटुंबातील चार जणांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. पुढील काही दिवसांत त्यांच्या निकट संपर्कातील नातेवाइकांसह ही संख्या पंचविशीच्या घरात गेली आणि एका तालुक्याच्या गावाचे नाव देशभर वृत्तपत्रांत झळकले. अशा वेळी आजारापेक्षा आजाऱ्याविषयीचीच चर्चा अधिक होते. कोणाला लागण झाली, कोणते घर टाळावे, कोणत्या औषधाने आजार बरा होतो, यांविषयी राज्यभर नाना प्रकारचे संदेश फिरत होते. इस्लामपुरातील साथ आटोक्यात आली ती संपर्कातील व्यक्तींचा शोध, विलगीकरण, तपासणी आणि उपचार या क्रमाने. वाऱ्यावरच्या निरोपांचा त्यात काही वाटा नव्हता.

त्याच काळात कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो, ही अफवा पसरली. तिला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता. पशुसंवर्धन विभागाने तसे स्पष्टही केले. तरीही फेब्रुवारी व मार्च २०२० मध्ये कोंबडीचे दर कोसळले आणि कर्ज काढून शेड उभारलेले शेतकरी अडचणीत आले. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने सुमारे ६ हजार कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. हा संदेश पुढे पाठविणाऱ्यास त्यापायी एक पैसाही खर्च आला नव्हता.

जेथे अफवेने माणसे मारली

आर्थिक हानी कालांतराने भरून येते. काही हानी कधीच भरून येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश देशाच्या अनेक भागांत फिरत होते. त्यांसोबत मोटारसायकलवरून मुलाला उचलून नेल्याची एक चित्रफीतही फिरत होती. ती मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती. मूळ चित्रफितीत तो मनुष्य मुलाला परत आणून सोडतो आणि फलक दाखवितो. तो शेवटचा भाग कापून टाकल्यावर शिकवण गेली आणि भय तेवढे उरले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षेवर उपजीविका करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. मुले पळविणारे समजून जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायत कार्यालयाच्या खोलीत कोंडले आणि तेथेच मारहाण करून त्यांचा प्राण घेतला. ज्या वास्तूत गावाने न्याय आणि आधार शोधावा, त्याच वास्तूत हे घडले, ही गोष्ट राज्यातील प्रत्येक पंचायत सदस्याने मनात वागविण्यासारखी आहे.

त्याच रात्री मालेगाव येथेही अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे एक मूलही होते. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले आणि पाचही जीव वाचले. सांगली जिल्ह्यातही असा प्रसंग घडला. सप्टेंबर २०२२ मध्ये विजापूरकडून पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंनी जत तालुक्यातील लवंगा गावात एका मुलाला वाट विचारली. तेवढ्यावरून संशय येऊन त्यांना काठ्यांनी व पट्ट्यांनी मारहाण झाली. पोलिसांनी चौकशी केल्यावर ते खरोखरच साधू असल्याची खात्री पटली.

या घटनांत एक समान सूत्र आहे. संदेश आला तो ओळखीच्या माणसाकडून आणि शिक्षा झाली ती अनोळखी माणसाला. भटक्या समाजाचा माणूस, परभाषक यात्रेकरू, वेडसर भिकारी अशांना गावात ओळख देणारा कोणी नसतो. साक्षीवाचून आलेला निरोप आणि साक्षीदार नसलेला माणूस यांची गाठ पडली म्हणजे अनर्थ होतो. या दोहोंमध्ये उभे राहून ‘थांबा, आधी खात्री करू’ एवढे म्हणणारी व्यक्ती त्या ठिकाणी असणे, हाच खरा उपाय होय.

निरोपाची पारख

खात्री कशी करावी, याचे एक चांगले उदाहरण याच जिल्ह्यात आहे. कृष्णेच्या पुराच्या काळात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील पाण्याची पातळी फुटांत मोजून जाहीर केली जाते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. ‘आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, ४१ फूट’ असा संदेश आला तर त्यात ठिकाण, वेळ आणि मोजमाप ही तिन्ही असतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे विचारून तो पडताळता येतो. उलट ‘धरणाला तडे गेले आहेत, लगेच गाव सोडा, सर्वांना पाठवा’ या संदेशात कोणते धरण, कोणी पाहिले, केव्हा पाहिले यांपैकी काहीच नसते. पहिला संदेश प्राण वाचवितो. दुसऱ्यामुळे पळापळ होते आणि पुढे खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

यावरून कोणत्याही निरोपास चार प्रश्न विचारावेत. हे मुळात कोणी सांगितले? कोठे आणि कोणत्या दिवशी घडले? पडताळण्यासाठी कोणाकडे विचारता येईल? आणि हा निरोप वाचणाऱ्याकडून घाईने काय करवून घेऊ पाहतो? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ‘ताबडतोब पुढे पाठवा’, ‘आजच शेवटची तारीख’, ‘येथे बोट लावा’ अशी घाई करणारा मजकूर विचारास अवसर मिळू नये म्हणूनच तसा लिहिलेला असतो. जुने छायाचित्र नव्या घटनेचे म्हणून वापरणे, ही तर नित्याची युक्ती झाली आहे.

राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरले. या उपायांनी अफवेची गती मंदावते, परंतु खरे-खोटे ठरविण्याचे काम यंत्र करीत नाही.

कायद्याची बाजू

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेस आळा घालण्यासाठी सविस्तर निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी मृत्युदंड किंवा जन्मठेपेची स्वतंत्र तरतूद आहे. लोकांत भीती किंवा वैर निर्माण करण्याच्या हेतूने खोटी माहिती वा अफवा पसरविणे हा कलम ३५३ अन्वये गुन्हा आहे. इलेक्ट्रॉनिक साधनांनी पसरविलेली अफवाही त्यात येते.

कायद्याचा वापर मात्र तारतम्याने व्हावयास हवा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. मतभेद व्यक्त करणे आणि खोटी भीती पसरविणे या भिन्न गोष्टी आहेत, हे अधिकाऱ्यांनी विसरू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निर्णयात असेही स्पष्ट केले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटचालकास जबाबदार धरता येणार नाही. त्यामुळे गट चालविण्यास सरपंचांनी वा शिक्षकांनी कचरण्याचे कारण नाही. कायद्याची जबाबदारी नसली तरी नैतिक जबाबदारी उरतेच, आणि खोटा मजकूर आढळताच त्याच गटात खुलासा करणे ही ती जबाबदारी होय.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने एक अधिकृत गट ठेवावा आणि त्यावर केवळ पदाधिकाऱ्यांनाच मजकूर टाकता येईल अशी योजना करावी. योजना, पाणीपुरवठा, लसीकरण, पूर यांविषयीची सूचना या गटावर आली तरच ती खरी, अशी सवय गावास लागली की निम्मे काम होते. ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी नाही त्यांच्यासाठी सूचनाफलक आणि दवंडी यांचा उपयोग पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावा. अफवा कानोकानी पोहोचते. खुलासाही तितक्याच दूर पोहोचला पाहिजे.

पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी गावात येणाऱ्या भटक्या कुटुंबांची व यात्रेकरूंची आस्थेने विचारपूस करावी. ‘अमुक कुटुंब चार दिवस देवळाजवळ मुक्कामास आहे, त्यांची माहिती घेतली आहे’ एवढा एक खरा संदेश गटावर गेला, तर अनोळखी माणसास गावात एक साक्षीदार मिळतो. संशय आल्यास नागरिकांनी स्वतः हात न उचलता ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

आर्थिक फसवणूक झाल्यास लाजेने गप्प राहू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार केल्यास रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक असते. नको असलेले जाहिरातीचे संदेश व दूरध्वनी यांची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत या क्रमांकांचा आणि ताज्या फसवणुकींचा विषय आवर्जून घेतला जावा.

शाळांची कामगिरी याहून दूरगामी आहे. भ्रमणध्वनीवर आलेला एक निरोप फळ्यावर लिहून वरील चार प्रश्न विद्यार्थ्यांकडून सोडवून घेणे, यासाठी एक तासिका पुरेशी आहे. त्यासाठी साधनांची किंवा निधीची गरज नाही. विज्ञानाच्या तासाला पृष्ठताणाचा प्रयोग करताना १९९५ च्या घटनेची चर्चा करता येईल. भूगोलाच्या तासाला आयर्विन पुलावरील पातळीची नोंद ठेवता येईल. घरातील वडीलधाऱ्यांना ‘आजोबा, हे कोणी सांगितले?’ असे आदराने विचारणारा विद्यार्थी त्या घराचा सर्वांत भरवशाचा रखवालदार ठरतो.

पोस्टकार्ड गेले, ई-मेल आले, आता कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब आवाज आणि चित्रेही बनू लागली आहेत. पुढील काळात डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रफितीवरही सहज विश्वास ठेवता येणार नाही. अशा वेळी माणसाची साक्ष अधिकच मोलाची ठरते. सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या शब्दाला गावात आजही वजन आहे. तो शब्द खात्री करून आणि वेळेवर उच्चारला गेला, तर वाट विचारणाऱ्या वाटसरूला निर्भयपणे वाट सापडेल आणि माहितीचे हे नवे साधन गावाच्या खऱ्याखुऱ्या उपयोगी पडेल.